डेडस्टॉक रजिस्टर

मी महापालिकेचा भांडारपाल.
माझ्याकडे नोंद फावड्यांची, ब्लीचिंग पावडरीची,
तीन पायांच्या खुर्च्यांची,
आणि खोक्यातून अजून न निघालेल्या
दोन झेरॉक्स मशिनींची.
ध्वजासाठी रकाना नव्हता. मी पट्टीने आखला.

झालं असं, की सभेत कुणीतरी बोललं :
जगात जर्मनी, भारतात परभणी,
अन् जर्मनीला झेंडा आहे, मग आपल्याला का नाही?
सगळे हसले.
हसता हसता ठराव झाला.

मग रंगांची पंचाईत.
एक रंग उच्चारला की या बाकावर टाळ्या,
दुसरा उच्चारला की त्या बाकावर,
तिसऱ्याला थेट गॅलरीतून घोषणा.
पांढरा म्हणजे माघार, काळा म्हणजे निषेध,
लाल म्हटल्यावर दारातल्या फौजदाराने नुसतं वळून पाहिलं.
इंद्रधनुष्यात एक पट्टा मोकळा नव्हता शहरासाठी.

शेवटी चित्रकलेचे रेंगे मास्तर उठले,
खिशातून कपाशीचं फूल काढलं, जरा चुरगळलेलं.
"हे आज पिवळं हाय, उद्या गुलाबी होईल.
कोणाच्याच बापाचं नाही."
पंख्याचा तेवढा आवाज.
प्रयागबाई लहाने म्हणाल्या,
"धा वर्सं कापूस वेचला मी.
फुलाकडं बघायचं राहूनच गेलं."
मंजूर.

नमुना दिला स्टेशन रोडच्या खाजामियाँना.
सुती कापड, पिवळं, मधोमध गुलाबी फूल.
पाच पाकळ्या सांगितल्या होत्या, त्यांनी सहा शिवल्या.
"एक जास्ती है तो क्या हुआ साब,
शहर बी तो बढ़राइच ना."
आयुक्तांचा शेरा : पाकळी जादा. नामंजूर.
मग सुरतेहून आले पॉलिस्टरचे,
मोजून पाच पाकळ्यांचे.
मी आवक घेतली. नग बारा.

एक मे. सावलीत सेहेचाळीस.
दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, झेंडा उघडला
आणि खांबाला बिलगून उभा राहिला,
पाहुण्यांसमोर आईच्या पदराआड लपणाऱ्या
पोरासारखा.
वाऱ्याचा पत्ता नाही.
बँडवाल्यांनी तेच पुन्हा वाजवलं.
माना वर करून आम्ही थांबलो, बराच वेळ,
गर्दीतून कुणी म्हणालं, कूलर लावा रे.
महापौर घाम पुसत "सुंदर" म्हणाले
तेव्हा कुठे पेढे सुटले.

सहा पाकळ्यांचा माझ्याकडेच राहिला.
नियमाने डेडस्टॉक. लिलावात कोण घेणार?
फाडता येत नाही, जाळता येत नाही,
टेबल पुसायला मन होत नाही.
झाडूखात्यातली गयाबाई खराटा न्यायला आली :
"साहेब, हे फडकं कामाचं हाय का?"
फडकं नाही बाई, ध्वज आहे.
"असू द्या की. कामाचा हाय का?"
मी रजिस्टर मागेपुढे चाळलं.
मग लिहिलं : नग एक, खर्ची.

आज अकराव्या दिवशी पाणी आलं.
टाकीखालच्या नळावर पहाटेपासून रांग,
भांडणं, प्लास्टिकच्या घागरींचा पोकळ आवाज.
त्यातून गयाबाई येताना दिसली.
डोक्यावर चुंबळ,
पिवळी, ओलीकिच्च, एका वळशातून
जादाची पाकळी बाहेर आलेली.
चुंबळीवर हंडा काठोकाठ.
तिने मान हलवली नाही,
डोळ्यांनीच ओळख दिली.

ध्वजाची नियमावली मीच टाइप केली होती.
कलम तीन : ध्वज सदैव माथ्याहून वर असावा.
त्याच्या वर अन्य काही असू नये.
ऑफिसात जाऊन मी फाईल काढली.
पहिलं वाक्य बरोबर पाळलं जातंय.
दुसऱ्यापुढे, कुणाला न विचारता,
निळ्या शाईने लिहिलं :
पाणी वगळून.